मिथेनचा जमाखर्च : प्रस्तावना

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, त्र्यंबकेश्वरी व महाबळेश्वरी, उगम पावून ज्या दोन महानद्या दख्खनची काळी माती पोटात घेत पूर्वसमुद्राला जाऊन मिळतात, त्यांनी युगानुयुगे वाहून नेलेल्या गाळात, आंध्र किनाऱ्यापलीकडे सुमारे एक हजार मीटर पाण्याखाली, दिसायला बर्फ पण काडी लावताच पेट घेणारे असे एक द्रव्य साठलेले आहे. शास्त्रज्ञ त्याला मिथेन हायड्रेट म्हणतात. ते केवळ आपल्याच समुद्रात आहे असे नव्हे. बहुतेक सर्व खंडांच्या समुद्रात बुडालेल्या उतारांवर आणि उत्तर ध्रुवाकडील कायम गोठलेल्या भूमीखाली ते आढळते. मराठी वाचकाच्या कानी त्याचे नाव पडते ते बहुधा दोनच प्रसंगी: देशाला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढे इंधन हाती आल्याची वार्ता छापून येते तेव्हा, किंवा समुद्र तापून हा सारा वायू एकाएकी उसळेल आणि पृथ्वी होरपळून निघेल असे भाकीत कोणी वर्तवितो तेव्हा. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही वार्तांच्या मुळाशी गृहीत मात्र एकच असते, ते असे की समुद्राच्या बुडाशी एक निश्चल साठा पडून आहे आणि प्रश्न उरला आहे तो केवळ तो कोण व केव्हा मोकळा करणार एवढाच. हे गृहीतच मला अपुरे वाटते. गाळात मिथेन अखंड निर्माण होत असतो, वर सरकत असतो, गोठत असतो, सुटत असतो आणि भक्षिला जात असतो. हायड्रेट ही या व्यवहारातली आजमितीची शिल्लक होय, आणि जमेच्या व खर्चाच्या बाबी ठाऊक नसताना नुसत्या शिलकेवरून सुबत्तेचे मनोरथ रचणे काय किंवा प्रलयाचे भय बाळगणे काय, दोन्ही सारखीच निराधार होत. ग्रंथकाराने हा सारा हिशेब पुढील प्रकरणांत तपशिलाने मांडलाच आहे. त्याची ढोबळ रूपरेषा वाचकापुढे आधी ठेवावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

प्रथम द्रव्याचे स्वरूप पाहू. पुरेशी थंडी व पुरेसा दाब एकत्र आला असता पाण्याचे रेणू परस्परांशी बांधले जाऊन सूक्ष्म पिंजरे तयार होतात आणि मिथेनचा एकेक रेणू त्या एकेका पिंजऱ्यात कोंडला जातो. निसर्गात सर्वाधिक आढळणाऱ्या रचनेत पाण्याच्या ४६ रेणूंचे मिळून आठ पिंजरे होतात, दोन लहान आणि सहा मोठे. पाणी आणि मिथेन यांच्यात रासायनिक बंध मुळीच नसतो. तथापि आत कोणी नसेल तर पिंजरा टिकत नाही, म्हणजे कैदीच आपल्या कोठडीच्या भिंती सावरून धरतो, ही या रचनेतील मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. या रचनेत वायू इतका दाटीने बसलेला असतो की एक घनमीटर हायड्रेट वितळले असता सुमारे १६४ घनमीटर मिथेन मोकळा होतो आणि मागे जेमतेम ०.८ घनमीटर पाणी उरते.

या जातीच्या पदार्थांची प्रथम नोंद हंफ्री डेव्ही याने १८१० च्या सुमारास केली, ती मिथेनच्या नव्हे तर क्लोरीनच्या हायड्रेटची. १८२३ मध्ये मायकेल फॅराडेने त्याचे घटक मोजले. आणि त्यानंतर शतकभर हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहलाच्या पलीकडे गेला नाही. त्याला व्यावहारिक महत्त्व आले ते नुकसानीतून. अमेरिकेत नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या नळवाहिन्या हिवाळ्यात तुंबत, आणि पाणी गोठून बर्फ झाल्याने त्या तुंबतात असा सर्वांचा समज होता. परंतु पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही वाहिनी बंद पडते हे पाहून हॅमरश्मिट या रसायनज्ञाने १९३४ मध्ये दाखवून दिले की तो अडथळा बर्फाचा नसून हायड्रेटचा आहे. ही पीडा अद्यापि संपलेली नाही. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात सुमारे दीड हजार मीटर खोलीवर फुटलेल्या तेलविहिरीच्या तोंडावर एक अवजड पोलादी घुमट उतरविण्यात आला, तेव्हा वर येणारा वायू आणि समुद्राचे थंड पाणी यांची गाठ पडून घुमटाच्या आतच हायड्रेट जमले, तेल वर नेण्याचा मार्ग बुजला आणि तो उपाय सोडून द्यावा लागला. ज्या द्रव्याचा आपण समुद्रतळ खोदून शोध घेतो ते तेथे अनुकूल परिस्थिती मिळताच काही तासांत कसे जमते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही मिळणार नाही.

आता हे द्रव्य नेमके कोठे टिकते? समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढत जातो, आणि पाण्याचे तापमान चार अंश सेल्सिअस असेल तर मिथेन हायड्रेट टिकण्यास सुमारे चाळीस वातावरणांचा दाब लागतो. म्हणून साधारणतः तीनशे ते पाचशे मीटर खोलीच्या पलीकडेच त्याचा अंमल सुरू होतो, ध्रुवप्रदेशात थोडा वर आणि उष्ण कटिबंधात थोडा खाली. परंतु खोल गेले म्हणजे सर्वत्र ते असणारच असे नाही, कारण समुद्रतळाखाली जो जो उतरावे तो तो पृथ्वीच्या पोटातील उष्णता वाढत जाते, आणि तळाखाली काहीशे मीटरांवर एक अशी हद्द येते की जिच्याखाली दाब अधिक असला तरी उष्णतेपुढे पिंजरे टिकाव धरू शकत नाहीत. या हद्दीच्या वर हायड्रेट आणि खाली मोकळा वायू, अशी मांडणी जेथे असते तेथे जहाजावरून पाठविलेल्या ध्वनिलहरी तीवरून उलटून परत येतात; आणि ही हद्द तापमानाने ठरत असल्यामुळे तो प्रतिध्वनी गाळाचे मूळ थर आडवे छेदून समुद्रतळाच्या चढउताराबरोबरच चढत-उतरत जातो. तेलाच्या शोधार्थ सागरी सर्वेक्षण करणाऱ्यांना हीच खूण प्रथम दिसली, आणि भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, कोकण व गोव्याच्या पश्चिमेसही, अशा खुणा नकाशांवर नोंदल्या गेल्या.

खूण दिसणे आणि वस्तू हाती लागणे यांत किती अंतर असते, ते २००६ च्या मोहिमेने दाखविले. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाखाली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ हे वेधनजहाज त्या वर्षीच्या एप्रिल अखेरीस मुंबईहून निघाले आणि ऑगस्टच्या मध्यास चेन्नईस मोहीम संपेपर्यंत त्याने २१ ठिकाणी ३९ विवरे पाडली. पहिले विवर आपल्याच बाजूच्या केरळ-कोकण खोऱ्यात घेतले गेले, आणि तेथे हायड्रेट मिळाले नाही: तेथील गाळ मुख्यतः सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा, सेंद्रिय द्रव्याने दरिद्री, आणि म्हणून मिथेननेही दरिद्री निघाला. हे अपयश मी मुद्दाम नमूद करतो, कारण जमाखर्चाच्या दृष्टीने ते यशाइतकेच बोलके आहे. दाब होता, थंडी होती, कमतरता होती ती जमेच्या बाजूची. उलटपक्षी अंदमानपाशी, जेथे गाळातील तापमान अतिशय सावकाश वाढते, हायड्रेटची हद्द तळाखाली सुमारे ६०० मीटर खोल गेलेली आढळली आणि ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत हायड्रेट मिळाले.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात दहाव्या क्रमांकाच्या ठिकाणी जे सापडले त्याने या विषयातील अनुभवी मंडळीही चकित झाली. पाणी सुमारे १,०३८ मीटर खोल; समुद्रतळाखाली पंचवीसएक मीटर उतरल्यावर जे हायड्रेट लागले ते सुमारे १३० मीटर जाडीच्या थरात भरलेले होते, आणि तेही वाळूत नव्हे तर चिकणमातीत. चिकणमातीची छिद्रे इतकी बारीक की तीत हायड्रेटला जागा मिळणे कठीण, असाच तोवरचा समज. गाळाची नळी जहाजावर येताच ती अवरक्त छायायंत्राखालून सरकविली जाते, कारण हायड्रेट फुटताना भोवतालची उष्णता शोषून घेते आणि जेथे जेथे ते असते तेथे नळीवर थंड डाग उमटतात. नळी कापून पाहावी तो बरेचसे निघून गेलेले असते, उरतो तो फेटलेल्या पिठासारखा सैल, बुडबुड्यांनी फुगलेला चिखल, आणि त्यातून पिळून काढलेले पाणी समुद्राच्या पाण्याहून कमी खारट लागते, कारण पिंजरा घडताना पाणी मीठ बाहेर टाकते आणि पिंजरा मोडला की ते गोडे पाणी चिखलात मिसळते. म्हणूनच काही नमुने तळाचाच दाब कायम राखणाऱ्या बंद नळ्यांत वर आणले गेले आणि न उघडताच क्ष-किरणांनी न्याहाळले गेले. त्या चित्रांत हायड्रेटने माती चिरीत नेलेल्या, जवळजवळ उभ्या शिरांचे जाळे दिसले. म्हणजे गाळातील छिद्रांत जागा मिळण्याची वाट न पाहता वर येणाऱ्या वायूच्या दाबाने माती फाटली होती आणि त्या भेगांत हायड्रेट वाढले होते.

या मोहिमेची एक फलश्रुती हायड्रेटशी प्रत्यक्ष निगडित नाही, तरी महाराष्ट्रीय वाचकापुढे ती ठेवल्यावाचून मला राहवत नाही. गोदावरीच्या मुखासमोर, सोळाव्या क्रमांकाच्या ठिकाणी, जी गाळाची नळी वर आली तीत गेल्या दहाएक हजार वर्षांचे थर सलग मिळाले, आणि त्यांत अडकलेल्या पानांवरील मेणाच्या अंशांची तपासणी करून संशोधकांनी गोदावरीच्या पाणलोटातील पर्जन्याचा इतिहास लिहिला. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे १,७०० वर्षांपूर्वी हा प्रदेश टप्प्याटप्प्याने अधिक कोरडा होत गेला, आणि कोरडेपणाबरोबर जमिनीची धूप वाढून दख्खनच्या कातळातून निघालेल्या मातीचे प्रमाण समुद्रातील गाळात चढत गेले, असे त्यातून दिसते. दायमाबाद, नेवासे व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना या कालखंडाचे मोल वेगळे सांगावयास नको. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या बांधावरून पावसाळ्यात वाहून गेलेली माती कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने हजार मीटर पाण्याखाली दफ्तरी जमा आहे.

आणि त्या मातीबरोबर जे जाते तेच मिथेनच्या जमेचे मूळ. नद्यांनी आणलेला पालापाचोळा आणि समुद्राच्या वरच्या थरात वाढून मेलेले सूक्ष्म जीव गाळाखाली पुरले गेले की प्रथम तेथील प्राणवायू संपतो, मग सूक्ष्मजंतू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून उरलेल्याचे विघटन करतात, आणि सल्फेटही संपले म्हणजे आर्किया या प्राचीन जातीच्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांच्यापासून मिथेन घडवितात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील हायड्रेटचा मिथेन प्रायः असा जीवजन्यच आहे. त्यातील कार्बनच्या समस्थानिकांवरून हे ओळखता येते, कारण हे जीव हलक्या कार्बनला पसंती देतात. हजारो वर्षे थेंबाथेंबाने होणारी ही जमा. गाळ जलद साचत असेल तर सेंद्रिय द्रव्य प्राणवायूच्या तावडीतून लौकर सुटते आणि जमा वाढते; गाळ संथ साचत असेल तर ते वरच्यावरच संपून जाते. एक किनारा श्रीमंत आणि दुसरा दरिद्री का निघाला याचे बरेचसे उत्तर यात आहे.

खर्चाची बाजू याहून रोचक आहे, आणि माझ्या मते या ग्रंथातील सर्वांत मौलिक प्रकरण तेच. खालून वर चढणारा मिथेन आणि समुद्राच्या पाण्यातून गाळात झिरपणारे सल्फेट यांची ज्या पातळीवर गाठ पडते तेथे दोन्ही एकदमच नाहीशी होतात, हे रसायनज्ञांना गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच दिसून आले होते. परंतु प्राणवायूचा लवलेशही नसताना मिथेनसारखा निष्क्रिय वायू कोण भक्षितो, हे कोडे बराच काळ सुटले नाही. २००० साली आंत्ये बोएटियुस व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापलीकडील ‘हायड्रेट रिज’ या समुद्रतळीच्या उंचवट्यावरील गाळात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना प्रत्यक्ष पाहिले: मध्यभागी आर्कियाच्या पेशींचा पुंजका आणि त्याभोवती सल्फेट वापरणाऱ्या जंतूंचे कवच. आतले मिथेन मोडतात, बाहेरचे त्यातून निघालेल्या शक्तीवर सल्फेटचे सल्फाइड करतात. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही. या भागीदारीतून मिळणारी शक्ती इतकी तुटपुंजी की असे जंतू एकदा दुणावण्यास कित्येक आठवडे, कधी महिने घेतात. तरीही गाळात वर चढणाऱ्या मिथेनचा बहुतांश याच पातळीवर संपतो. जे कार्बोनेट मागे उरते त्याचे समुद्रतळाशी खडक बनतात, आणि जे सल्फाइड वर येते त्यावर जगणारे जंतू शिंपल्यांच्या व नलिकांत राहणाऱ्या कृमींच्या शरीरात घर करून त्यांचे पोषण करतात. सूर्यप्रकाशाशी ज्यांचा संबंध नाही अशा वसाहती मग त्या थंड झऱ्यांभोवती वसतात. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात तर उघड्या हायड्रेटच्याच पृष्ठभागावर खळगे करून राहणारे गुलाबी कृमी सापडले. आपल्याकडे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘सिंधु साधना’ जहाजावरून २०१८ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यात असाच एक जिवंत झरा, त्यावरील जीवसृष्टीसह, शोधून काढला.

जो मिथेन या जंतूंच्या हातून सुटतो तोही सहजासहजी हवेत पोहोचत नाही. खोल पाण्यातील बुडबुडा वर चढता चढता आपला मिथेन पाण्याला देत जातो आणि विरघळलेला मिथेन पाण्यातील प्राणवायूवर जगणारे दुसरे जंतू संपवितात. म्हणून वातावरणात दरवर्षी जो मिथेन मिसळतो त्यात समुद्राचा वाटा अवघ्या काही टक्क्यांचा आहे. भातखाचरे, गुरे, दलदली, कचऱ्याचे ढीग आणि खाणी-विहिरींची गळती यांच्यापुढे तो लहान ठरतो. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर शंभर कोटी रेणूंत मिथेनचे सुमारे ७०० रेणू असत, आज ते १,९०० च्या वर गेले आहेत. ही वाढ समुद्रतळातून आलेली नाही, ती आपण केलेली आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे प्रलयाच्या भाकितांकडे अधिक शांतपणे पाहता येते. एकेकाळी जगातील हायड्रेटमध्ये १०,००० अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे कोळसा, तेल व वायू मिळून जेवढा त्याच्या दुप्पट, असा अंदाज सर्वमान्य झाला होता. पुढे जसजशी प्रत्यक्ष विवरे पडत गेली तसतसा तो खाली येऊन २००४ मध्ये ५०० ते २,५०० अब्ज टनांच्या मर्यादेत आला. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली त्या वेळी हायड्रेट फुटले असावे, हा तर्क अजून जिवंत आहे आणि त्यावर वादही चालू आहे. परंतु निकटच्या भूतकाळाची साक्ष वेगळी पडते. अंटार्क्टिकातील टेलर हिमनदीच्या बर्फात बंदिस्त हवा तपासून असे दिसले की सुमारे ११,६०० वर्षांपूर्वी हिमयुगाच्या अखेरीस हवेतील मिथेन एकाएकी वाढला, त्यात किरणोत्सारी कार्बन संपुष्टात आलेल्या जुन्या साठ्यांचा अंश नगण्य होता. स्पिट्सबर्गेनच्या पश्चिमेस २००८ मध्ये अडीचशेहून अधिक बुडबुड्यांचे लोट आढळले तेव्हा समुद्र तापल्याने हायड्रेट फुटू लागले अशी एकच हाकाटी झाली. नंतर तेथील कार्बोनेट खडकांचे वय काढले तो हे झरे निदान तीन हजार वर्षे वाहत असल्याचे निघाले, आणि पुढील वेधनातून असे दिसले की हिमयुगातील बर्फाचा भार उतरल्यावर समुद्रतळ वर उचलला गेला, दाब घटला आणि हजारो वर्षांपूर्वीच तेथील हायड्रेट सुटू लागले होते. यावरून निश्चिंत राहावे असे मी म्हणत नाही. उथळ उतारांवर, जेथे हायड्रेटची वरची हद्द सुरू होते, तेथे पाणी थोडे तापले तरी परिणाम होणारच; परंतु तो शतकानुशतके झिरपत जाणारा परिणाम असेल, आणि सुटलेला वायू जंतूंनी भक्षिला तरी त्यातून समुद्राचा प्राणवायू घटेल व पाणी अधिक आम्ल होईल. हवेत न पोहोचलेल्या मिथेनचाही भुर्दंड कोणीतरी भरतोच.

राहिला इंधनाचा प्रश्न. वायू मिळविण्याचा आजवर सर्वांत फलदायी ठरलेला मार्ग दाब घटविण्याचा: विहिरीतील पाणी उपसून थराचा दाब उतरविला की पिंजरे मोडतात व वायू विहिरीकडे धावतो. जपानने मार्च २०१३ मध्ये नानकाई द्रोणीत हा प्रयोग समुद्रात प्रथम केला. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर वायू निघाला आणि मग वाळू विहिरीत शिरून काम थांबले. चीनने २०१७ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या शेन्हू भागात साठ दिवसांत तीन लाख घनमीटरांहून अधिक वायू काढला. नगराला इंधन पुरविण्याच्या मानाने हे आकडे अल्प होत. वाळूची अडचणही अपघाती नव्हे: ज्या थरात हायड्रेटनेच कण एकमेकांशी जखडून ठेवलेले असतात तेथे हायड्रेट काढून घेतले म्हणजे कण सुटे होणारच, आणि उतारावरील गाळ खचण्याचा धोका यातूनच उद्भवतो.

भारतापुढील परिस्थिती अशी आहे की दहाव्या ठिकाणचा तो जाडजूड साठा चिकणमातीच्या भेगांत आहे आणि त्यातून वायू काढण्याची सिद्ध पद्धती कोणाजवळही नाही. परंतु २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत, ‘चिक्यू’ या जपानी जहाजावरून केलेल्या वेधनात, याच खोऱ्याच्या अधिक खोल भागी हायड्रेटने गच्च भरलेले वाळूचे थर मिळाले, आणि यापुढे प्रयोग झालाच तर तो त्या थरांवर होईल. तो प्रयोग व्हावा अशा मताचा मी आहे, कारण कोळशापेक्षा मिथेन जाळणे कमी घातक आहे; पण न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापदायक ठरतो हेही तितकेच खरे. म्हणून पहिली विहीर पाडण्यापूर्वी निदान काही वर्षे त्या खोऱ्यातील झऱ्यांतून किती मिथेन सुटतो, त्यापैकी किती गाळात व किती पाण्यात संपतो, आणि समुद्रतळ मुळात किती खचतो-उचलतो, याची अखंड नोंद राखली गेली पाहिजे. ती नोंद नसेल तर विहीर चालू झाल्यानंतर निघालेला बुडबुडा विहिरीमुळे निघाला की पूर्वीपासूनच निघत होता, हे कोणत्याही शास्त्रज्ञाला किंवा सरकारी खात्याला सांगता येणार नाही.